प्राचीचा डोळा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किनमोकुसेईचं एक झाड आहे. वर्षभर ते तिथे आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि ऑक्टोबर लागला की एका सकाळी दार उघडावं तर सगळी गल्ली घमघमलेली. एवढीएवढी नारिंगी फुलं, पण वास असा की सायकलवरून जाणारी माणसंसुद्धा पाय टेकून थांबतात. शेजारच्या बाई अंगण झाडता झाडता मला म्हणतात, "आला हं शरद." मी हो म्हणते, हसते. मलाही छान वाटायला हवं, पण माझ्या मात्र पोटात दुखतं. औषधाने जाणारं नाही हे दुखणं. ह्या वासापाठोपाठ क्योतोच्या उत्तरेकडच्या डोंगरावरून गाई खाली उतरतात, आणि गाई उतरल्या की मला प्राची आठवते.

प्राचीला इथे मीच आणलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझी बाजू तुमच्या लक्षात येईल. मराठवाड्यातल्या ज्या कॉलेजात मी जनावरांची डॉक्टर झाले, तिथेच ती माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी शिकली. 'ताई, मला तुमच्या लॅबमध्ये पीएचडीला यायचंय,' असा तिचा ईमेल आला आणि मी आमच्या प्रोफेसरांच्या, म्हणजे सेन्सेईंच्या, अशी काही मागे लागले की ते म्हणाले, "शुभदा-सान, ही तुमची सख्खी बहीण आहे का?" विमानतळावर घ्यायला मी गेले. बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या दाराने उतरायचं, प्लास्टिक कुठल्या वारी टाकायचं आणि जळणारा कचरा कुठल्या वारी, सगळं मी शिकवलं. येताना तिने मेतकूट आणि काळा मसाला आणला होता. पहिल्या संध्याकाळी भाताचा कुकर लावता लावता मी तिला म्हटलं, "ते 'तुम्ही' आधी बंद कर बाई, मला म्हातारं झाल्यासारखं वाटतं." तिने लगेच बंद केलं. अशी गोड पोरगी. तिथेच तर सगळी पंचाईत आहे. वाईट असती तर मी मोकळेपणाने चार शिव्या दिल्या असत्या.

आमचं काम सांगायला अगदी सोपं आहे. गाईकडे बघायचं आणि ती अंगाने किती भरली आहे ते सांगायचं. वजनकाटा नाही, टेप नाही, हातही लावायचा नाही. कुंपणाबाहेर उभं राहून नुसतं बघायचं. एक म्हणजे हाडांचा सापळा, पाच म्हणजे खुबे शोधायला लागावेत इतकी चरबी, आणि मधे अर्धे अर्धे गुण. आधी मागून बघायचं, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे आहेत की तिथे चरबीच्या गाद्या आल्यात ते. मग बाजूने, खुब्यांचं टोक, पाठीचा कणा, शेवटच्या बरगड्या. पोट बघायचं नाही. डोंगरावरचं गवत खाऊन आलेल्या गाईचं पोट नगाऱ्यासारखं असतं, नवीन माणूस तिथेच फसतो आणि 'छान धष्टपुष्ट आहे' म्हणून मोकळा होतो.

ह्या काळ्या गाई मांसासाठी पाळलेल्या. आम्ही बघतो त्या आया. वासरं मोठी होऊन बाजारात जातात, आया मागे राहतात आणि दर वर्षी पुन्हा गाभण राहाव्यात अशी अपेक्षा असते. आई फार रोडावली तर माजावर येत नाही, फार सुटली तरी अवघड. म्हणून हिवाळा तोंडावर असताना, उन्हाळाभर डोंगरावर हिंडून आलेल्या गाईंची निवड करायची. बारीक असतील त्या वेगळ्या वाड्यात, त्यांना पेंड जास्त. जी गाभण राहत नाही तिला फार्मवाला किती दिवस पोसणार? ट्रक येतो आणि तीही जाते. चुकीचा गुण दिला तर कागदावर काही होत नाही, गाईला होतं.

माझी आई लातूरला शेजारपाजारी सांगते, "शुभदा जपानला गोसेवा करते." एकदा फोनवर तिने दबकत विचारलं, "त्या गाईंचं पुढे काय करतात गं?"

"पुढचं माझ्याकडे नाही आई. मी तब्येत बघते."

ती म्हणाली, "बरं. बघतेस तर नीट बघ."

मी नीटच बघत होते. खरं सांगायचं तर त्याचा मला माज होता. ह्या देशात येऊन इतकी वर्षं झाली तरी सेमिनारमध्ये बोलताना माझी क्रियापदं वाक्याच्या शेवटी जाऊन घसरतात. बँकेत, वॉर्ड ऑफिसात, दातांच्या डॉक्टरकडे माझ्याशी सगळे जरा हळू आणि जरा मोठ्याने बोलतात. नवरा, नितीन, टोकियोत एका बँकेच्या आयटीत, राहतो उरायासुला, तिथे त्याच्या इमारतीत अर्धे लोक मराठी. मी इकडे एकटी. फार्मच्या कुंपणापाशी उभी राहिले की मात्र मला कुणी दुरुस्त करत नसे. मी 'साडेतीन' म्हटलं की लिहून घेत. फार्मचे मालक योकोता-सान, तोंडाने फटकळ माणूस, तेसुद्धा नव्या मुलांना सांगायचे, "शंका आली तर त्या इंदो-जिनला विचारा." इंदो-जिन म्हणजे भारतीय. नाव घेत नसत, पण विचारा म्हणत. मला तेवढं पुरत होतं.

तर त्या वर्षीच्या शरदात सेन्सेईंनी एक नवं काढलं. फार्मच्या फाटकावर कॅमेरा बसवायचा, गाय खालून गेली की कॅमेऱ्याने आपोआप गुण द्यायचा. पण कॅमेऱ्याला शिकवणार कोण? त्यासाठी एक डोळा हवा. दहा माणसांची सरासरी नको, कारण मग कॅमेरा दहा जणांच्या चुका शिकतो, असं सेन्सेईंचं म्हणणं. एकाच माणसाचा डोळा घ्यायचा, बाकी सगळ्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं. तो डोळा ज्याचा, त्याला प्रोजेक्ट संपेपर्यंत लॅबमध्ये नोकरी. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं. मी मनात म्हटलं, चला, हे तर आपलंच. नितीनला फोनवर सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "पेढे मागवू का?"

आमच्याकडे पद्धत अशी की दोघांनी शेजारी उभं राहायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, आपापला आकडा पाटीवर लिहायचा आणि एकदम दाखवायचा. मग गाईला खोड्याच्या चौकटीत अडकवून हात लावायचा, पाठीवर सोनोग्राफीचं मशीन ठेवायचं आणि कातडीखाली चरबी किती आहे ते बघायचं. मशीन खोटं बोलत नाही. माझ्या जोडीला प्राची होती. बिचारीला सराव होईल, म्हणून तिचं नाव मीच सुचवलं होतं.

सुरुवातीला ती माझ्याच मागोमाग चाले. माझा तीन तर तिचा तीन, माझा अडीच तर तिचा तीन, आणि मशीन माझ्या बाजूने. मी तिला समजावून सांगे, "हे बघ, खुब्यापासून शेपटीपर्यंत नजर ने. अगं, कणकेच्या गोळ्यावर अंगठा दाबल्यासारखी खळी दिसते की नाही?" ती मान डोलवे. डोंगराच्या उतारावर लाल-पिवळं व्हायला लागलं होतं, योकोता-सानांच्या घरामागे काकीची, म्हणजे पर्सिमनची, फळं लटकत होती, आणि आम्ही दोघी कोन्बिनी दुकानातून आणलेल्या भाताच्या ओनिगिरीवर मेतकूट भुरभुरवून खायचो. मला ते दिवस आवडायचे. अजून आठवले की आवडतात, तेच तर खुपतं.

मग हळूहळू मशीन तिच्या बाजूने जायला लागलं. एखाद्या गाईला, मग रोजच. आधी मी म्हटलं, लागला अंदाज. मग म्हटलं, आज माझं डोकं दुखत होतं. पुढे मी काही म्हणेनाशी झाले. ती जिंकल्याचं तोंड कधीच करायची नाही. पाटी खाली ठेवायची आणि गाईच्या कपाळावर हात फिरवायची. त्याने तर मला जास्तच राग यायचा. दिवाळीत तिने चकल्या केल्या आणि योकोता-सानांच्या बायकोला डबा भरून नेऊन दिला. माझ्या इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी योकोता-सान काकीच्या फळांची पिशवी घेऊन आले आणि "प्राची-चानसाठी" म्हणाले. प्राची-चान, अगदी लाडाने! मी अजून इंदो-जिनच. तिने पिशवी उघडून पहिलं फळ मला दिलं, "ताई, तू घे आधी." घेतलं मी. गोड होतं.

हेवा कुणाचा वाटतो हे मी तेव्हा शिकले. सेन्सेई केवढे मोठे, त्यांचा वाटला नाही. टोकियोतल्या त्या संशोधकाचा नाही, ज्याचे पेपर मी वाचते. जिला आपण बसच्या कुठल्या दाराने चढायचं ते शिकवलं तिचा वाटतो. तिची पायरी आपल्या खालची आहे असं आपणच ठरवून ठेवलेलं असतं, आणि ती आपल्या शेजारून, 'ताई, सरक हं जरा' म्हणत वर जाते. नितीन म्हणाला, "अगं, गाईचा गुण बरोबर आला ना? कुणाचा का असेना." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला म्हटलं, तुझ्या ज्युनियरला उद्या तुझी खुर्ची दे आणि मग मला हे ऐकव.

फुकुएची गोष्ट नोव्हेंबरातली. फुकुए म्हणजे एक थोराड गाय, चार-पाच वासरं झालेली, स्वभावाने शांत. डोंगरावर उशिरापर्यंत राहिल्यामुळे तिच्या अंगावर हिवाळी केस दाट आले होते. नुसती मखमल. मागून बघितली, बाजूने बघितली, खळगे भरलेले दिसले, मी बिनदिक्कत तीन लिहिले. पाट्या फिरवल्या. प्राचीच्या पाटीवर दोन.

पूर्ण एक गुण! नियम मोडून मी मराठीत फटकन बोलले, "दोन? डोळे फुटले का तुझे? बघ तरी कशी भरली आहे ती."

"केस आहेत ताई."

"केस मला कळत नाहीत का?"

"तसं नाही... उभी असताना मलाही तीनच वाटली होती. पण आत्ता फाटकातून येताना बघितलं. केस नुसते जागच्या जागी होते आणि आतून खुबा वरखाली होत होता. चरबी असती तर एवढा दिसला नसता."

योकोता-सान पलीकडे हात बांधून उभे. शब्द कळत नव्हते, पण दोन बायका भांडताहेत हे कुठल्याही भाषेत कळतं. फुकुएला खोड्यात घेतली. मी हात घातला. केसांच्या खाली हाताला सरळ हाड लागलं. मशीन ठेवायची गरजच नव्हती, तरी मी ठेवलं, पुसून पुन्हा ठेवलं. दोन.

योकोता-सान फुकुएला बारीक गाईंच्या वाड्यात घेऊन गेले. हिवाळाभर तिला पेंड मिळाली आणि पुढे ती गाभण राहिली. माझे तीन धरले असते तर ती राहिली नसती, आणि तिच्यासाठी ट्रक आला असता. ती गाभण असल्याचं कळलं तेव्हा मला आनंद झाला. झाला, खरंच झाला. पण त्याच्या खाली, फुकुएच्या केसांखाली हाड होतं तसं, दुसरंही काही होतं. ती माझ्यामुळे वाचायला हवी होती.

सेन्सेईंनी दोघींना खोलीत बोलावलं, चहा दिला आणि इतक्या नम्रपणे सांगितलं की आभार मानून बाहेर आल्यावर मला कळलं, मी हरलेय. कॅमेरा प्राचीच्या डोळ्याने शिकणार होता. माझी नोकरी गेली नाही, मला दुसऱ्या एका प्रोजेक्टवर ठेवलं, गाईंकडे मात्र मी जायचंच होतं. आणि गाईंकडे जाणाऱ्या प्रत्येकाने आपला डोळा प्राचीच्या डोळ्याशी जुळवून घ्यायचा होता. म्हणजे मीसुद्धा.

ती जुळवणी कशी असते सांगते. तिने आणि मी एकाच गाईकडे बघायचं. मी आकडा सांगायचा. तिच्या आकड्याशी जुळला तर पुढची गाय. नाही जुळला तर पुन्हा बघायचं, आणि जुळेपर्यंत बघत राहायचं. कुंपण तेच, माझी उभं राहायची जागा तीच. पहिल्याच गाईला माझा आकडा चुकला. प्राचीचे कान लाल झाले. ती गाईकडेच बघत म्हणाली, "ताई, तुम्ही... पुन्हा एकदा बघता का?"

तुम्ही! तिने मला मान दिला होता आणि मला कुणी तोंडात मारावी तसं झालं. मी पुन्हा बघितलं. "अडीच," म्हटलं. ती म्हणाली, "हो." पुढची गाय आली. त्या दिवशी मी सगळा वेळ बघत होते ते गाय कशी आहे हे नाही, प्राचीला ती कशी दिसत असेल हे. घरी आले आणि मनसोक्त रडले.

आता प्राची इथे नाही. लग्न झालं, टोकियोतल्या एका कंपनीत लागली, तीही उरायासुला राहते, नितीनच्या इमारतीपासून दोन चौक पुढे. गणपतीत भेट होते. तिचा मुलगा मला जपानीत उत्तरं देतो आणि ती त्याला दटावते, "मावशीशी मराठीत बोल." लाघवी पोर आहे. मी त्याला खाऊ देते आणि त्याच्या आईकडे बघून मनात म्हणते, तुझं काय काय चांगलं व्हावं गं आणखी?

फाटकावरचा कॅमेरा आहे तिथेच आहे. दर शरदात गाई त्याच्या खालून जातात आणि पडद्यावर आकडे उमटतात. ते आकडे म्हणजे प्राचीच. सेन्सेईंच्या नियमाप्रमाणे एका माणसाने शेजारी उभं राहून त्याची तपासणी करायची असते, आणि ते काम मी कुणाला देत नाही. सगळ्यांना वाटतं मला कामाची हौस. मी दर वर्षी त्याला पकडायला जाते. एक तरी गाय अशी निघावी की कॅमेरा चुकला आणि मी बरोबर आले, एवढंच माझं मागणं.

ह्या वर्षी गाई उतरल्या तेव्हा ऊन चांगलं होतं. एकेक येत गेली. पडद्याकडे पाठ करून मी पाटीवर आकडा लिहायची, मग वळून बघायची. तीन, तीन. अडीच, अडीच. शेवटच्या गाईपर्यंत एकही वेगळा नाही. लॅबमधली नवी मुलगी टाळ्या वाजवून म्हणाली, "शुभदा-सान, सगळे जुळले! काय डोळा आहे तुमचा!" योकोता-सानसुद्धा मान हलवून गेले.

मी तशीच उभी राहिले. एक गाय अजून फाटकाशी रेंगाळत होती, अंगावर नवे दाट केस. मी ठरवलं, आता हिला जुन्या डोळ्याने बघू. प्राची येण्याआधी मी बघायचे तशी. खुबा, खळगे, बरगड्या. पण माझी नजर आपोआप तिच्या चालीवर गेली, केसांखाली हाड हलतंय का ते बघायला. मागे ओढली, पुन्हा तिथेच गेली. पूर्वी मी कशी बघायचे ते मला आठवेना. माझं म्हणून काही उरलंच नव्हतं तिथे.

आणि त्याच आठवड्यात सेन्सेईंनी मला बोलावलं. कॅमेरा जुना झालाय, नवा येणार, तो पहिल्यापासून शिकवायचा. डोळा हवा. प्राचीला विचारलं तर तिने नकार दिला, ह्या वेळी शुभदाताईंचा डोळा घ्या म्हणाली. "तुमची हरकत नाही ना?" सेन्सेईंनी विचारलं.

ज्याच्यासाठी इतकी वर्षं जळले ते माझ्यासमोर चहाच्या कपाशेजारी ठेवलं होतं, आणि तेही तिने पाठवलेलं. मी सांगायला हवं होतं का, की सेन्सेई, मी जो डोळा देईन तो माझा नाही? नाही सांगितलं. हरकत नाही म्हटलं. मी का सोडू? इतकी वर्षं गाईंच्या शेणात मीच उभी राहिले ना?

पण प्राचीला फोन केल्याशिवाय राहवेना. मी सगळं भडाभडा बोलून टाकलं. म्हटलं, "तू हे मला दान दिलंस असं समजू नकोस. आणि ऐक, ते माझं नाव लावणार आहेत, पण बघणार मी तुझ्यासारखीच. दुसरं मला येतच नाही आता. झालं समाधान?"

पलीकडे तिचा मुलगा कशासाठी तरी हट्ट करत होता. त्याला गप्प करून ती म्हणाली, "ताई, मला तरी बघायला कुणी शिकवलं? खुब्यापासून शेपटीपर्यंत नजर ने, हे तूच ना? मी तेवढंच करत होते गं. फक्त गाय हलली तरी मी नजर काढली नाही. तुझाच डोळा होता तो. मी थोडे दिवस वापरला."

खरं होतं की माझं मन राखायला म्हणाली, मला आजही माहीत नाही. मी "बरं, ठेवते" म्हटलं आणि फोन ठेवला. दाराबाहेर किनमोकुसेईची फुलं गळून झाडाखाली नारिंगी सडा पडला होता आणि शेजारच्या बाई तो झाडत होत्या. मी दारात उभी राहून बघत होते. इतकं मोठं मन करून बोलायचं, तेही आधी तिलाच सुचलं. माझ्याकडे इतकी वर्षं होती, मला का नाही सुचलं?